बत्तिसाव्या किलोमीटरला

आठवीत असताना एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून गृहपाठ करत होते. उदाहरण असं होतं: अ आणि ब या दोन गावांमधलं अंतर ७२ किलोमीटर. सकाळी आठ वाजता अ गावाहून एक गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने ब कडे निघते आणि त्याच वेळी ब गावाहून दुसरी गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने अ कडे निघते. त्या एकमेकींना किती वाजता आणि कुठे भेटतील? क्ष तासांनी भेटतील असं मानलं. ४०क्ष + ५०क्ष = ७२. क्ष आला ०.८ तास, म्हणजे ४८ मिनिटं. आठ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी, अ पासून ३२ किलोमीटरवर. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि वही वडिलांपुढे, अण्णांपुढे धरली.

अण्णा रात्रपाळी करून आले होते. चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी उदाहरण पहिल्या शब्दापासून वाचलं आणि विचारलं, "बत्तिसाव्या किलोमीटरला स्टेशन आहे का?"

"ते दिलेलं नाही."

"लाईन सिंगल आहे की डबल?"

"ते पण नाही दिलेलं."

"मग उत्तर अजून पुरं झालेलं नाही, बाळ. सिंगल लाईन असली तर या दोन गाड्या अशा भेटून चालणार नाहीत."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर खरंच दोन गाड्या एका रुळावरून समोरासमोर येत होत्या.

अण्णा पुणे-मिरज मार्गावर सहायक स्टेशन मास्तर होते. नीरा, लोणंद, आदर्कीचा घाट, वाठार, सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कराड, शेणोली, टाकारी, किर्लोस्करवाडी, सांगली अशी ती लाईन. तेव्हा एकेरी होती. पुण्याकडे जाणाऱ्या आणि मिरजेकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना रूळ एकच. समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांना एकमेकींना ओलांडायचं तर ते स्टेशनातच जमणार, कारण तिथे लूप असते. मुख्य रुळातून फुटलेली आणि पुढे जाऊन परत त्यालाच मिळणारी लाईन. एक गाडी लुपात उभी करायची आणि दुसरी मेनवरून काढायची. रेल्वेत याला क्रॉसिंग म्हणतात. कोकण रेल्वेने गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द ठाऊक आहे. रानात, पावसात, कुठल्याशा लहानशा स्टेशनात गाडी थांबते, डब्यात कुणीतरी विचारतं, "का थांबली?" आणि दुसरा कुणीतरी खिडकीबाहेर न बघताच सांगतो, "क्रॉसिंग आहे."

दोन स्टेशनांमधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी असावी, यासाठी अण्णांच्या ऑफिसात टोकनचं यंत्र होतं. त्यातून मुठीत मावेल असा धातूचा गोळा निघायचा. पुढच्या स्टेशनाच्या मास्तरने त्याच्या यंत्रावरून संमती दिल्याशिवाय आमच्या यंत्रातून गोळा बाहेर पडत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा निघत नसे. तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून मोठ्या कड्याला बांधायचा आणि ड्रायव्हरला द्यायचा. न थांबणारी गाडी असली तर चालत्या इंजिनात द्यायचा. पॉइंट्समन कडं उंच धरून फलाटाच्या कडेला उभा राहायचा, इंजिनातून एक हात बाहेर यायचा, आणि क्षणात कडं त्या हाताच्या कोपरापर्यंत गेलेलं असायचं. मी एकदा ते कडं गळ्यात घातलं होतं. पिशवीला तेलाचा आणि घामाचा वास होता. अण्णांनी ते लगेच काढून घेतलं आणि म्हणाले, "हे खेळायचं नाही. हे ज्याच्या हातात, वाट त्याची."

तर त्या रविवारी अण्णांनी माझ्या वहीचं मागचं पान उघडलं. आडव्या रेघेवर वेळ मांडली, उभ्या रेघेवर किलोमीटर. पहिली गाडी खालून वर चढत गेलेली तिरकी रेघ, दुसरी वरून खाली उतरणारी. दोन्ही रेघा ३२ वर, आठ अठ्ठेचाळीसला एकमेकींना छेदून गेल्या. मग त्यांनी २७ वर आणि ३८ वर पानभर दोन आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाले, "ही दोन स्टेशनं समज. छेद या रेघांवर आण."

आम्ही हिशोब केला. पहिली गाडी सत्ताविसाव्या किलोमीटरला साडेचाळीस मिनिटांत पोचते. दुसरीला तिथे यायला ४५ किलोमीटर तोडावे लागतात, म्हणजे ५४ मिनिटं. पहिलीला तिथे लुपात घातली तर ती साडेतेरा मिनिटं उभी राहणार. दुसरा मार्ग, दुसरीला अडतिसाव्या किलोमीटरला धरून ठेवायचं. ती तिथे सुमारे ४१ मिनिटांत येते आणि पहिली ५७ मिनिटांत. म्हणजे हिचा सोळा मिनिटांचा खोळंबा. मी म्हटलं, पहिलीलाच थांबवू, अडीच मिनिटं वाचतील. अण्णा म्हणाले, "आणि पहिलीच्या मागून अर्ध्या तासावर एक्सप्रेस येत असेल तर?" मी पेन्सिल घेऊन तिसरी रेघ ओढायला लागले आणि दुपारचं जेवण होईस्तोवर त्या पानातून उठले नाही.

पुढे कळलं की अण्णांनी काढलं तेच चित्र रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात रोज काढलं जातं. सेक्शन कंट्रोलरसमोर मोठा चार्ट असतो, एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगात. आडवी झाली की गाडी उभी. आमच्या पुस्तकात 'अंतर-काल आलेख' नावाचा पाठ विज्ञानात होता, उदाहरणं गणितात होती, आणि या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे शाळेत कुणी बोललंच नाही. पुस्तकातल्या गाड्यांबद्दल विचारतात, कुठे भेटतील. अण्णांना रोज रात्री ठरवावं लागायचं, कुठे भेटवायच्या.

आता मी स्वतः सांगलीत दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवते. बावीस वर्षं झाली. मुलांना समीकरण सोडवता येतं. अवयव पाडता येतात, सूत्र तोंडपाठ असतं. 'एक रेल्वेगाडी' किंवा 'एक नाव' असे शब्द दिसले की मात्र पेन थांबतं. काळ, काम, वेग ही आपल्याकडची जुनी भीती आहे. आईवडीलच सांगतात, "मॅडम, त्याचं गणित चांगलं आहे, फक्त शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत." मला हे वाक्य मान्य नाही. शाब्दिक उदाहरण हेच गणित आहे. समीकरण मांडून झाल्यावर जे उरतं ती हमाली, तीही आवश्यक, पण हमाली.

दोन वर्षांपूर्वी तासगावकडून एसटीने येणारी एक मुलगी होती. तिला हे उदाहरण दिलं: एक गाडी ३६० किलोमीटर अंतर एकसमान वेगाने कापते. वेग ताशी ५ किलोमीटरने जास्त असता तर एक तास कमी लागला असता. गाडीचा वेग काढा. तिने लिहिलं, ३६०(क्ष + ५) − ३६०क्ष = १. कंस सोडवला, क्ष निघूनच गेला आणि हातात राहिलं १८०० = १. ती वही घेऊन आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. तिला वाटत होतं कंस सोडवताना चूक झाली. कंस बरोबर होता.

मी विचारलं, "आज एसटी वेळेत आली?"

"नाही मॅडम, उशिरा सुटली. पण ड्रायव्हरकाकांनी जोरात आणली."

"जोरात आणली तर वेळ जास्त लागला की कमी?"

"कमी."

"मग तुझ्या समीकरणात काय होतंय?"

तिने वहीकडे पाहिलं. वेग वाढला की तिचा आकडा वाढत होता. तिने गुणलं होतं, भागायला हवं होतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. एसटीत बसलेल्या मुलीला ते पक्कं माहीत होतं, पण वही उघडली की ती मुलगी एसटीतून उतरून गेलेली असायची.

मग मी क्ष बाजूला ठेवायला सांगितला. "अंदाजाने वेग धर. तीस." तीसने ३६० किलोमीटरला १२ तास. पस्तीसने १० तास १७ मिनिटं. फरक पावणेदोन तासांच्या आसपास, फार झाला. "साठ धर." सहा तास, आणि पासष्टने साडेपाच तासांहून थोडं जास्त. फरक अर्ध्या तासाच्याही आत, फार कमी. "म्हणजे तीस आणि साठच्या मध्ये कुठेतरी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातलं रडू गेलेलं होतं. हे करताना तिने सहा वेळा ३६० ला वेगाने भागलं असेल. सातव्यांदा वेगाच्या जागी क्ष लिहायला तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मनात एखादी संख्या धरून चालायचं, या रीतीला आपल्याकडे जुनं नाव आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत इष्टकर्म म्हणून ती येते. आपल्याला हवी ती संख्या धरायची, प्रश्नात सांगितलेली कृती तिच्यावर करायची, आणि आलेल्या व दिलेल्या उत्तराच्या प्रमाणावरून खरी संख्या काढायची. प्रमाण सरळ असेल तिथे ती नेमकं उत्तर देते. या गाडीच्या उदाहरणात तशी देत नाही, पण समीकरणाच्या दारापर्यंत आणून सोडते. भास्कराचार्यांनीच बीजगणितात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटलं आहे, म्हणजे जितकी असेल तितकी. दुसरी अज्ञात राशी आली की तिला रंगाचं नाव: कालक, मग नीलक, पीतक, लोहितक. मुलांना हे सांगितलं की वर्गात जरा हालचाल होते. एक्सला घाबरणारं मूल 'जितका असेल तितका वेग' या शब्दांना घाबरत नाही. आता मी फळ्यावर क्ष लिहिते, पण तोंडाने म्हणते, "असेल तितका."

त्या मुलीने मग योग्य समीकरण मांडलं. ३६०/क्ष − ३६०/(क्ष + ५) = १. त्यातून क्ष² + ५क्ष − १८०० = ०, आणि क्ष = ४० किंवा क्ष = −४५. पुढे सगळे लिहितात तेच तिनेही लिहिलं: वेग ऋण नसतो, म्हणून −४५ अग्राह्य. मी तिला त्या टाकलेल्या उत्तराकडे पुन्हा बघायला लावलं. गाडीचा वेग ४०, वाढवलेला वेग ४५. अग्राह्य म्हणून खोडलेल्या आकड्यात त्या दुसऱ्या, कधीच न धावलेल्या गाडीचा वेग उलट चिन्ह लावून बसला होता. क्ष च्या जागी −४५ घातला तर क्ष + ५ होतो −४०. तेच दोन वेग, जागा बदलून. समीकरणाने दोन्ही गाड्या लक्षात ठेवल्या होत्या. पेपरात याला गुण नाहीत, पण हे दाखवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

वेगांची बेरीज आणि वजाबाकी ही तर याहूनही जुनी गोष्ट. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात गणितपादात एक आर्या आहे: दोन गोष्टी समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातल्या अंतराला गतींच्या बेरजेने भागा, एकाच दिशेने जात असतील तर गतींच्या फरकाने भागा, म्हणजे त्यांच्या भेटीचा काळ मिळेल. माझ्या आठवीच्या वहीतलं ४० + ५० ते हेच. आर्यभटांपुढे गाड्या नव्हत्या, ग्रह होते. दोन ग्रहांची युती कधी झाली किंवा कधी होणार, हे त्यांना काढायचं होतं. पुढे गोलपादात ते नावेत बसलेल्या माणसाचा दाखला देतात. नाव पुढे जाते तशी काठावरची स्थिर झाडं त्याला मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. नदी, नाव आणि प्रवाह यांची उदाहरणं मुलांना रटाळ वाटतात तेव्हा मी हा श्लोक सांगते. ज्याने रेल्वेच्या खिडकीतून विजेचे खांब मागे पळताना बघितलेत त्याला तो लगेच कळतो.

दोन गोष्टींच्या भेटीच्या त्या आर्येत गतींच्या फरकाला 'गत्यंतर' म्हटलं आहे, गती अधिक अंतर. आपल्या भाषेत अंतर म्हणजे दोन गावांमधली वाट आणि दोन संख्यांमधली वजाबाकीही. 'दोघांच्या वेगांत ताशी ५ किलोमीटरचं अंतर आहे' असं लिहिलं की हमखास एखादं मूल तक्त्यात अंतराच्या रकान्यात ५ टाकतं. त्याची चूक मी चूक मानत नाही. भाषेने दोन गोष्टींना एकच नाव दिलंय, आणि ते नाव त्याने इमानाने वाचलंय. मी तिथे 'फरक' असा शब्द घालून देते.

असाच एक टिंबाचा घोळ. आपण मराठीत वेळ लिहितो ती टिंब देऊन. गाडी ५.१० ला. शाळा १०.३० ला. मग गणितात दीड तास लिहायची वेळ येते तेव्हा मूल १.३० लिहितं आणि पुढे तो आकडा दशांश समजून गुणतं. सहामाहीत माझंही असंच झालं होतं. एक तास वीस मिनिटं मी १.२० तास धरली, अख्खं उदाहरण त्यावर रचलं, आणि शून्य मिळालं. तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईत फक्त फुली मारली होती, टिंबाकडे बोट दाखवलं नव्हतं. चूक कुठे झाली हे मला अण्णांनी दाखवलं. त्यांच्या रजिस्टरात गाडी कधी आली, कधी सुटली, हे सारं तास आणि मिनिटांत असायचं, पण मध्ये टिंब नसायचं. ते तासांचे दोन आकडे आणि मिनिटांचे दोन आकडे सलग लिहायचे. १६४५. "टिंब दिलं की ते शंभराचं होतं," ते म्हणाले, "आणि तास साठाचा असतो." वीस मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा. त्याला अपूर्णांकच शोभतो.

पण काळ-वेगाच्या सगळ्या उदाहरणांत मला सर्वांत जास्त वेळ द्यावासा वाटतो तो सरासरी वेगाला. जाताना ताशी ६०, येताना ताशी ४०, सरासरी किती? शंभरातले पंच्याण्णव जण पन्नास म्हणतात, मोठी माणसंही. वाट १२० किलोमीटरची धरा. जाताना २ तास, येताना ३ तास. २४० किलोमीटरला ५ तास, सरासरी ४८. पन्नास येत नाही, कारण माणूस चाळीसच्या वेगात तीन तास होता आणि साठच्या वेगात दोनच. सावकाश वाटेवर आपण जास्त काळ असतो, म्हणून तिचं वजन जास्त.

डेक्कन क्वीनचं बघा. संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी मुंबईहून सुटून ८ वाजून २५ मिनिटांनी पुण्याला, हेच वेळापत्रक मी कित्येक वर्षं बघत आले आहे. १९२ किलोमीटरला सव्वातीन तास, म्हणजे सरासरी ताशी ५९. यात कर्जत ते लोणावळा हे २८ किलोमीटर बोरघाटाचे. तिथे ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे आणि कर्जतला गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं, बँकर, जोडावी लागतात. समजा गाडी घाट ताशी ४० ने चढली, तर त्यात ४२ मिनिटं जातात आणि उरलेले १६४ किलोमीटर ताशी ६४ ने धावून वेळ साधता येते. घाटातला वेग तीसवर आला तर तिथेच ५६ मिनिटं गेली. मग उरलेल्या सगळ्या वाटेवर ताशी ७१ लागतो. वाटेच्या सातव्या हिश्श्यात वेग दहाने कमी झाला, तर बाकीच्या सहा हिश्श्यांत तो जवळजवळ सातने वाढवावा लागतो. आणि घाट जर अर्धी वाट असता? निम्मं अंतर ताशी ३० ने काटलं आणि एकूण सरासरी ६० हवी म्हटलं, तर उरलेलं अंतर शून्य वेळात काटावं लागेल. ठरलेला सगळा वेळ पहिल्या निम्म्यातच संपलेला असतो. वर्गात हे फळ्यावर मांडते तेव्हा १/क्ष = ० असं येतं आणि मुलं एकदम गप्प होतात. काही जण दोनदा करून बघतात.

अण्णा निवृत्त होऊन बराच काळ लोटला. टोकनचे गोळे त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतच जायला लागले होते. मग आमच्या मार्गावर विजेचे खांब आले आणि टप्प्याटप्प्याने दुसरी लाईन पडली. गेल्या दिवाळीनंतर मी त्यांना सांगलीहून कराडला आत्याकडे घेऊन गेले. एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी खिडकी मागून घेतली. किर्लोस्करवाडी गेलं, टाकारी गेलं. ऊस दोन्हीकडे उभा होता. आणि मग कुठलंही स्टेशन जवळ नसताना, दोन्ही बाजूंना नुसतं शेत असताना, समोरून दुसरी गाडी आली. आमची थांबली नाही. तीही थांबली नाही. डबे एकामागोमाग एक खिडकीवरून गेले, वाऱ्याचा दणका बसत राहिला, आणि शेवटचा डबा गेल्यावर एकदम उजेड आला.

अण्णांचा डावा हात मनगटावरच्या घड्याळासाठी वर आलेला होता.

"अकरा सेकंद," ते म्हणाले. "दोन्ही नव्वदने असतील."

नव्वद आणि नव्वद एकशे ऐंशी. पाच अठरांशाने गुणलं की सेकंदाला पन्नास मीटर. अकरा सेकंदांना साडेपाचशे. मी म्हटलं, "बावीस-तेवीस डबे, अण्णा."

त्यांनी मान हलवली, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. कपाळ काचेला टेकवून मागे जाणाऱ्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा वाचायचा प्रयत्न करत होते.